टेकाडामागचे चाळीस सेकंद

१

सकाळी दहाला ड्रोन उडवायचा, वीस मिनिटांनी उतरवायचा, फोटो मोजायचे आणि घरी यायचं. असं पंधरा दिवसांचं काम होतं. एका बंद पडलेल्या दगडखाणीच्या कड्याला लांबच लांब भेग पडली होती आणि कड्याच्या बरोबर खाली तीस-पस्तीस घरांची वस्ती होती. कडा सरकतोय का, एवढंच बघायचं होतं. रोज त्याच वेळी, त्याच उंचीवरून, त्याच जागांचे फोटो घ्यायचे आणि एकावर एक ठेवून ताडून पाहायचे. बोटभर फरक पडला तरी कळतो. पडला असता, तर वस्ती उठवावी लागली असती.

माझी जोडीदारीण बाळंतपणाच्या रजेवर होती. ड्रोन उडताना आकाशावर नजर ठेवायला दुसरं माणूस लागतंच, म्हणून मी काकांना विचारलं. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांनी चाळीस वर्षं जमिनी मोजल्या, आधी साखळी ओढून, मग दुर्बिणीतून बघून. निवृत्त झाल्यापासून ते घरातल्या वस्तू मोजायचे.

"घेऊन जा बाई यांना," काकू म्हणाली. "काल स्वयंपाकघराची लांबी दोनदा मोजली. दोन्ही वेळेला तेवढीच भरली, तर तोंड पाडून बसले."

ड्रोनला काकांनी पहिल्याच दिवशी 'भुंगा' असं नाव ठेवलं. टॅब्लेटवरच्या नकाशावर मी ठिपके मांडून ठेवले होते. भुंगा एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर आपला आपण जायचा, ठरल्या जागी खाली बघून फोटो घ्यायचा. आम्ही फक्त बघायचं. अडचण होती ती अकराव्या ठिपक्यापाशी. तिथून पुढचे आठ ठिपके एका टेकाडामागे होते. टेकाडाआड गेला की सिग्नल तुटायचा, पडदा करडा व्हायचा आणि शेवटचं चित्र गोठून राहायचं.

सिग्नल तुटला तर काय करायचं, हे ड्रोनला आधीच सांगून ठेवावं लागतं. आहेस तिथे थांब, किंवा परत ये, किंवा काम चालू ठेव. मी सांगितलं होतं, चालू ठेव. मग तो आमच्या नजरेआड आठ ठिपके फिरायचा आणि टेकाडाच्या दुसऱ्या अंगाने बाहेर यायचा. काका हातात घड्याळ धरून उभे राहायचे. तीन मिनिटं चाळीस सेकंद. पहिले चार दिवस एका सेकंदाचाही फरक नाही.

"माहेरी गेलेल्या बाईसारखं आहे याचं," काका म्हणाले. "तिकडे काय केलंस म्हणून विचारायचं नाही. वेळेवर परत आला, की झालं."

२

पाचव्या दिवशी तो वेळेवर आला नाही.

तीन चाळीस झाले. काकांनी घड्याळ कानाला लावलं, जसं काही ते बंद पडलं असेल. चार मिनिटं झाली. मी रिमोट उंच धरून दोन पावलं पुढे गेले, मागे आले. चार वीसला टेकाडाच्या कडेवरून गुणगुण ऐकू आली आणि भुंगा बाहेर आला. काही झालंच नाही अशा थाटात बाकीचे ठिपके फिरला आणि समोर येऊन उतरला.

"वारा असेल," मी म्हटलं.

काकांनी बोट ओलं करून हवेत धरलं. वारा नव्हता.

फोटो रोज एकशे चौऱ्याऐंशी यायचे. त्या दिवशी एकशे पंच्याऐंशी होते. जास्तीचा फोटो मधेच होता. कॅमेरा मी खाली बघणारा ठेवलेला, म्हणून माझे सगळे फोटो म्हणजे वरून दिसणारे दगड, माती, झुडपं. हा एकच समोर बघून घेतलेला होता. त्यात एक दार होतं. एक फळी निखळलेली, रंग उडालेला, आणि दार अर्धं उघडं.

टेकाडामागे खाणीचं जुनं ऑफिस होतं हे मला माहीत होतं. तीन खोल्या, वर काँक्रीटचा स्लॅब. माझ्या फोटोंत ते तीन करडे चौकोन म्हणून दिसायचं. त्यांना दारं असतील, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

मी ड्रोनच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. गेली सहा वर्षं माझं प्रत्येक यंत्र त्याच्या हाताखालून गेलंय.

"ताई, एखादा पक्षी आडवा आला असेल," तो म्हणाला. "त्याला अडथळा दिसला की तो थांबतो, बाजूला होतो. झटक्यात कॅमेऱ्याने मान वर केली असेल. होतं असं."

"आणि दार समोरून दिसतंय ते? तो तीस मीटर वर असतो."

"खाली आला असेल थोडा."

त्याच्या आवाजात काळजी नव्हती, म्हणून मीही केली नाही. पटण्यासारखं कारण मिळालं की माणूस ते घट्ट धरून ठेवतो.

३

सहाव्या दिवशी पुन्हा चार वीस. एक सेकंद कमी नाही, एक जास्त नाही. तोच पक्षी, तेवढाच वेळ, दोन दिवस आडवा येत नाही.

फोटो एकशे शहाऐंशी. गाडीत बसून, दारं लावून घेऊन आम्ही ते पाहिले. पहिला जास्तीचा फोटो कालचाच, दाराचा. दुसरा खोलीच्या आतला.

लोखंडी टेबल, एक खण बाहेर ओढलेला. जाळीची खिडकी. भिंतीत कपडे टांगायची एक खुंटी. जमिनीवर धुळीचा जाड थर, त्यावर एकही पाऊल उमटलेलं नाही. फोटो जमिनीलगत घेतलेला होता. मांजर आत येऊन बसावं आणि तिथून खोलीकडे बघावं, तसा.

"हा आत कसा गेला?" काकांनी विचारलं.

तेच मला कळत नव्हतं. पंखे धरून भुंग्याची रुंदी दारापेक्षा चार बोटं जास्त होती. हातात धरून न्यायचा तर तिरका करावा लागला असता. शिवाय भिंत जवळ आली की तो पुढे सरकतच नाही, तशी त्याची घडणच आहे. कोणीतरी चेष्टा करतंय, असं मी म्हणून पाहिलं. कोणीतरी टेकाडामागे थांबतं, त्याला पकडतं, आत नेऊन ठेवतं आणि सोडून देतं.

"चाळीस सेकंदांत," काका म्हणाले. "आणि धुळीत पाय न उमटवता."

मी नकाशा पुसून नव्याने ठिपके मांडले. मेमरी कार्ड बदललं. संध्याकाळी दुरुस्तीवाल्याला फोटो पाठवले. यावेळी त्याने लगेच फोन केला नाही. केला तेव्हा म्हणाला, "ताई, उद्या 'चालू ठेव' काढा, 'परत ये' लावा. सिग्नल तुटला की तो उंच चढेल आणि सरळ तुमच्याकडे येईल. मिनिटभरात. मधे कुठे जायला त्याला वावच नाही. आणि उतरला की त्याच्या पोटातली नोंद वायर लावून काढा. सिग्नल नसताना त्याने काय काय केलं, ते त्यात सापडेल."

टेकाडामागे चालत जाऊन का बघितलं नाही, असं नंतर काकूने विचारलं. वाट काट्याकुट्यांची होती, पंचवीस मिनिटांची, काकांचा गुडघा दुखरा. ही सगळी कारणं खरी होती. मला जायचं नव्हतं, हेही तितकंच खरं.

४

सातव्या दिवशी ऊन स्वच्छ पडलं होतं. खालच्या वस्तीतून भांड्यांचे, रेडिओचे आवाज येत होते. कोणीतरी चादरी झटकत होतं. अशा उजेडात कसलीही भीती वाटायची माणसाला लाज वाटते.

भुंगा अकराव्या ठिपक्यावरून टेकाडाआड गेला. पडदा करडा झाला. काकांनी घड्याळ दाबलं.

एक मिनिट झालं. आकाश रिकामं होतं.

दोन मिनिटं.

"परत ये म्हणून सांगितलंयस ना नक्की?" काका हळूच म्हणाले.

"तीनदा तपासलंय."

तीन. साडेतीन. मला गुणगुण ऐकू येतेय असं वाटलं, पण तो माझ्याच कानातला आवाज होता. चार वीसला तो आला. उंचावरून, सरळ, सांगितल्यासारखा. आमच्यासमोर अलगद उतरला. पंखे थांबले. पायांना धूळ लागली होती. बारीक, पिठासारखी, पांढरट. आम्ही उभे होतो तिथली माती लाल होती.

वायर जोडून मी नोंद उघडली. ती एरवी कोणी वाचत नाही, नुसत्या वेळा आणि आकडे असतात. मी काकांना मोठ्याने वाचून दाखवू लागले.

"दहा वाजून आठ मिनिटं. सिग्नल तुटला. परतीला सुरुवात."

"बरोबर."

"दहा अकरा. घरी पोचला. उतरला. पंखे बंद."

काका माझ्याकडे बघू लागले. दहा अकराला तो आमच्यापाशी नव्हता. मी खालची ओळ वाचली. चाळीस सेकंदांनी पंखे सुरू. उड्डाण. आणि मग दहा बाराला पुन्हा तेच, घरी पोचला, उतरला, पंखे बंद.

ड्रोन जिथून उडतो त्या जागेला तो घर म्हणतो. ते एकच असतं. नोंदीत दोन होती. दुसरं घर म्हणजे आमच्या पायाखालची जागा. पहिल्याचे आकडे मी नकाशावर टाकले. ठिपका टेकाडामागे, मधल्या करड्या चौकोनात जाऊन बसला.

"फोटो बघ," काका म्हणाले.

सिग्नल तुटल्यावर त्याने एकच फोटो काढला होता. खोली तीच. खिडकीची जाळी ओळखू आली, खुंटी ओळखू आली. पण छत खाली आलं होतं. टेबल चेपून गेलं होतं, सळया वाकून लोंबत होत्या. ढिगाऱ्याच्या कडेला, स्लॅबच्या एका तुकड्याखालून, एक पाय बाहेर आला होता. घोट्यापर्यंत. तपकिरी बूट, धुळीने पांढरा पडलेला, आणि त्यात नाडीच्या जागी निळी दोरी बांधलेली.

काकांनी टॅब्लेट स्वतःकडे ओढला.

"माणूस आहे," काका म्हणाले. "अगं, माणूस आहे आत! आज सकाळीच पडलंय ते छत. चल, उठ!"

मला इतकं हायसं वाटलं, की सांगताना लाज वाटते. कोणीतरी खरंखुरं, हाडामांसाचं तिथे होतं. म्हणजे खोलीत कोणीतरी ये-जा करत होतं. म्हणजे सगळ्याला कारण होतं.

५

मी चालता चालता मदत पथकाला फोन लावला. जागा समजावून सांगता सांगता मागे पडले. काका गुडघा विसरून पुढे गेले होते. एकदा ते वाटेत खाली बसलेले दिसले, काहीतरी करत होते. मी पोचेपर्यंत पुन्हा उठून चालू लागले.

"काय झालं?"

"काही नाही, काट्यात अडकलो होतो. लवकर ये."

वळण घेतलं आणि माझा फोन तुटला. इथे सिग्नल नसणारच. वस्तीचे आवाजही एकदम थांबले, जसं कोणी दार लावून घेतलं. समोर तीन खोल्या होत्या. मधलं दार अर्धं उघडं, एक फळी निखळलेली.

छत जागेवर होतं.

मी तिथेच थांबले. स्लॅब सरळ होता, भिंती सरळ होत्या, कुठे ढिगारा नाही, धूळ उडालेली नाही. काका दाराशी पोचले होते.

"अहो, कोणी आहे का आत?" त्यांनी हाक मारली. मग मान वळवून मला म्हणाले, "हे तर धड आहे. पलीकडच्या खोलीत असेल का गं तो?"

"काका, थांबा."

"थांबा काय थांबा? माणूस मरतोय तिथे." त्यांनी दार ढकललं. त्यांच्या खांद्यावरून मला आत दिसलं. लोखंडी टेबल, ओढलेला खण, जाळीची खिडकी. धुळीत एकही पाऊल नाही. आणि मधोमध, धुळीवर, भुंग्याच्या दोन पायांच्या रेघा, स्वच्छ. एकच जोडी. रोज अगदी त्याच जागी उतरला असेल, तर एवढंच उमटेल.

काकांनी एक पाय आत टाकला.

मी खाली बघितलं ते का, मला सांगता येणार नाही. त्यांचा तपकिरी बूट आम्ही सगळ्यांनी हजारदा पाहिलेला. काकू त्याला 'म्हातारा' म्हणायची. घरातल्या माणसाच्या वस्तू आपण बघत नाही, म्हणूनच तो मला फोटोत ओळखू आला नव्हता. त्या बुटाच्या नाडीच्या जागी निळी दोरी होती. खुंट्यांना बांधायची, मोजणीच्या कामातली. तिचा एखादा तुकडा काकांच्या खिशात असायचाच. सकाळी गाडीत बसताना बुटाला नाडी होती. ती वाटेत तुटली होती.

मी ओरडले की नाही, आठवत नाही. मी त्यांची कॉलर दोन्ही हातांनी धरली आणि जीव खाऊन मागे ओढली. आम्ही दोघं उताणे पडलो. त्यांचं डोकं माझ्या बरगडीवर आदळलं.

"अगं, वेड लागलंय का तुला!" काका संतापून उठायला लागले. "म्हाताऱ्या माणसाला असं..."

आतून एक आवाज आला. मोठा नव्हता. कुणी बराच वेळ धरलेला श्वास सोडावा, तसा. आणि छत खाली आलं.

६

धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. आम्ही एका दगडावर बसून होतो. काका स्वतःचे हात, मग पाय, मग पुन्हा हात चाचपून बघत होते. जन्मभराची सवय. सगळं होतं तेवढं भरलं.

"नाडी," ते म्हणाले. "मघाशी तुटली."

"हो."

"फोटो त्याच्या आधीचा आहे."

"हो."

त्यांनी बूट काढला, बाजूला ठेवला आणि हसायला लागले. मला आधी भीती वाटली, मग मीही हसायला लागले. पोटात दुखेपर्यंत हसलो. हसता हसता मी रडत होते. काका माझ्या पाठीवरून हात फिरवत "झालं, झालं" म्हणत होते, जसं मी शाळेत पडून आले की म्हणायचे.

मदत पथक आलं तेव्हा त्यांना खरं काय सांगायचं, हा प्रश्नच होता. त्यांनी ढिगारा उचकटून पाहिला. कोणी नव्हतं. पथकाचा प्रमुख शांत माणूस होता. त्याने माझ्या टॅब्लेटवरचा फोटो घेतला आणि दारात उभं राहून समोरच्या ढिगाऱ्याशी ताडून पाहिला. सळया तशाच वाकल्या होत्या. टेबल तसंच चेपलं होतं.

"छत पडल्यावर ड्रोन आत पाठवायला नको होतात," तो मला म्हणाला. "आणखी पडलं असतं. आणि याचं घड्याळ लावून घ्या, वेळ तासभर मागची दाखवतंय."

मग त्याला पाय दिसला. त्याने फोटोतल्या पायाकडे पाहिलं. काकांनी पुन्हा पायात घातलेल्या बुटाकडे पाहिलं. ढिगाऱ्याच्या कडेला, त्या जागी, फक्त काँक्रीटचा तुकडा होता.

"तुम्ही आत होतात?" त्याने विचारलं.

"नाही," काका म्हणाले.

तो थोडा वेळ पेन हातात धरून उभा राहिला. मग त्याने कागदावर लिहिलं, 'कोणीही जखमी नाही', खाली सही केली आणि एकदाही मागे न बघता निघून गेला.

परतीच्या वाटेवर काका म्हणाले, "वाचवलं त्याने आपल्याला. आधी दाखवून ठेवलं."

तो फोटो नसता, तर आम्ही त्या खोलीपाशी जन्मात गेलो नसतो. पण मी तेव्हा ते बोलले नाही आणि नंतरही कधी बोलले नाही.

७

उरलेले आठ दिवस भुंगा तीन मिनिटं चाळीस सेकंदांत बाहेर आला. फोटो एकशे चौऱ्याऐंशी. त्यांतल्या काहींत दोन करडे चौकोन आणि मधे दगडांचा ढीग. नोंदीत घर एकच. दुरुस्तीवाल्याने यंत्र पुरतं खोलून पाहिलं. "ताई, हे माझ्यापेक्षा धडधाकट आहे," असं म्हणून त्याने ते परत केलं.

पंधराव्या दिवशी मी सगळे फोटो एकावर एक ठेवले. कडा हलला नव्हता. भेग जुनीच होती, जागेवर होती. वस्तीतल्या लोकांना तसं कळवलं, तेव्हा एका बाईने फोनवर तीनदा विचारलं, "म्हणजे आम्ही इथेच राहायचं ना?" मी तीनदा हो म्हटलं. प्रत्येक वेळी माझ्याच छातीवरचं काहीतरी उतरत गेलं.

त्या दुपारी काका-काकू माझ्याकडे जेवायला आले. जेवण झाल्यावर काकूने मला भांडी घासू दिली नाहीत. काका बाहेरच्या खोलीत कोचावर आडवे झाले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले.

आठ दिवस मला धड झोप नव्हती. मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसले. मधेच त्यांचं घोरणं थांबायचं. खोली एकदम गप्प व्हायची आणि माझे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले जायचे. मी मनात आकडे मोजायला लागायचे. एक, दोन, तीन. मग ते नाकातून केवढ्याने तरी आवाज काढायचे, कूस बदलायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे.

स्वयंपाकघरातून काकू ओरडली, "अगं, हलव त्यांना जरा! सगळी इमारत जागी करतील."

"राहू दे गं," मी म्हटलं. "घोरू दे."

चौथ्या की पाचव्या वेळेला मी मोजणं विसरले. जागी झाले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं, माझ्या अंगावर कोणीतरी चादर घातली होती आणि काका अजून घोरत होते.